रोजच्या कामाला सवारीचा घोडा: मारवाडी, काठियावाडी की भीमथडी?

डोंगरकडा
नमस्कार मंडळी. आमचं रान डोंगराच्या अंगाला तुकड्या-तुकड्यात आहे, पावसाळ्यात बाइक रुतते, म्हणून रोज बसायला घोडा घ्यायचाय. शर्यत नाही, वरात नाही. माझं वजन ६०. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला जातोय. कुठली जात घ्यावी, बघताना काय बघावं? घरचे म्हणतात पांढरा नुकराच घ्या.

तापीकाठ
दादा, नुकरा राहू द्या, गुलाबी कातडी उन्हात भाजते आणि तुमचा घोडा दिवसभर उन्हातच असणार. बाजारात भाव चढतो तो उंची, रंग, कान आणि भोवरे, देवमण, पंचकल्याणी असल्या शुभ मानलेल्या खुणा यावर, आणि रानातल्या कामाला यातलं काहीच उपयोगी पडत नाही. तुम्ही आधी खूर बघा. टणक पाहिजेत, भेगा नकोत, पुढचे दोन्ही सारखे. मग चारी पाय हाताने चाचपून बघा कुठे सूज किंवा गरम लागतंय का. पाठ आखूड नि भरलेली, छाती खोल. आणि मालकाला सांगा कडक जमिनीवर सरळ दुडक्या चालीने पळवून दाखव, पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना घोडा डोकं वर उचलतो, लगेच कळतं. खोगिरासकट वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शात बसवतात, म्हणजे तुम्हाला साधारण ३५० किलोचं जनावर हवं. वय दातावर बघा, ५ वर्षांपर्यंत पुढचे सगळे दात पक्के होतात, त्याआधी रोजचं ओझं नको.

मेंढवाडा
भीमथडीला कमी लेखू नका भाऊ. आमच्या मेंढरांच्या वाड्याबरोबर दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात ती हीच घोडी, पाठीवर सगळं बिऱ्हाड, वर कोकरं, कोंबड्या, कधी लहान पोरं. वाटेकडेच्या गवतावर निभतात. मराठ्यांच्या काळात भीमेच्या खोऱ्यात अरबी, तुर्की घोडे इथल्या तट्टांशी मिसळून ही जात तयार झाली, तरी आत्ता कुठे जनावरांच्या जाती नोंदवणाऱ्या कर्नालच्या राष्ट्रीय ब्युरोने स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, आणि आपलीच माणसं तिला तट्टू म्हणून सोडून देतात याचं फार वाईट वाटतं. अंगाने लहान असतात हे खरं, तेवढं वजनाचं गणित बघून मोठ्या हाडाची घोडी शोधा.

रेवाल
दोघांचंही बरोबर आहे. मी चालीचं सांगतो, रोज तासन्‌तास बसायचं तर दुडकीत कंबर मोडते, काठियावाडी आणि कच्छी-सिंधीत रेवाल चालीचं जनावर मिळतं, त्यावर बसलं की हादरा जवळजवळ नाही. पण चालीपेक्षाही स्वभाव मोठा. स्वतः चढून बघा, रिकिबीत पाय टाकताना उभा राहतो का, ट्रॅक्टर शेजारून गेला तर काय करतो, मागचे खूर उचलू देतो का. लाथेची खोड असली तर कितीही देखणा असो, घेऊ नका. ग्लँडर्सचा निगेटिव्ह रिपोर्ट मागाच, तो रोग माणसालाही होतो.

डोंगरकडा
खूप आभार सगळ्यांचे. घोडी घ्यावी की घोडा? शेजारच्या वस्तीवर घोड्या आहेत.

तापीकाठ
मग घोडी, नाहीतर खच्ची केलेला. नर घेतलात तर घोडी माजावर आली की त्याचं कामात लक्ष राहणार नाही. आणि आणल्यावर लगेच हरभरा, भरडा चालू करू नका, पहिल्या मालकाकडे जो चारा होता तोच द्या, दाणा हळूहळू वाढवा, पोटशूळ उठला तर जनावर हातचं जातं.