अंगणवाडीतल्या चार वर्षांच्या मुलांनी वही भरायला हवी का?

प्रश्न : अंगणवाडी सेविका, यवतमाळ जिल्हा

नमस्कार. मी गेली 11 वर्षे आर्णी तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका म्हणून काम करते. गेल्या वर्षी माझ्याकडे तीन ते सहा वयोगटातली 26 मुले होती. त्यांतली सात यंदा जूनपासून व्हॅनने तालुक्याच्या गावी कॉन्व्हेंटमध्ये जाऊ लागली. (आपल्याकडे इंग्रजी बालवर्ग कसलाही असो, त्याला कॉन्व्हेंटच म्हणतात.) त्या मुलांच्या आया येता-जाता वही दाखवतात आणि म्हणतात, "पाहा बाई, आमचं पोट्टं एबीसीडी लिहिते, तुमच्याकडं नुसतं खेळते अन् खिचडी खाते."

खरे सांगायचे तर दिवाळीनंतर मी या बोलण्याला बळी पडले आणि उरलेल्या मुलांना वह्या देऊन 'अ' गिरवायला बसवले. त्यांत एक सव्वाचार वर्षांची मुलगी आहे. एरवी ती अंगणवाडीतले प्रत्येक गाणे सर्वांच्या आधी सुरू करते. त्या दिवशी तिने पेन्सिल मुठीत धरली आणि इतकी दाबली की दुसऱ्या ओळीवर कागद फाटला. तेव्हा तिने पेन्सिल खाली ठेवून तो हात फ्रॉकखाली लपवला आणि पुढचे दोन दिवस ती आलीच नाही. मुलांना लिहायला नेमके कधी बसवावे आणि तोपर्यंत पालकांना काय दाखवावे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

उत्तर : निवृत्त पर्यवेक्षिका, वर्धा

ताई, त्या मुलीने हात लपवला ही गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली नाही, यातच निम्मे उत्तर आले. आपल्या मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्माच्या वेळी ती सगळी कूर्चेच्या रूपात असतात, वयाप्रमाणे एकेक करून कठीण होत जातात आणि शेवटच्या हाडाला तर साधारण नऊ ते बारा वर्षे लागतात. बोटांची पकडही टप्प्याटप्प्यानेच येते. मूल आधी मुठीने धरते, मग सगळ्या बोटांनी, आणि अंगठा, तर्जनी व मधले बोट यांची तिबोटी पकड बहुतेक मुलांमध्ये चौथ्या ते सहाव्या वर्षाच्या दरम्यान स्थिरावते. म्हणून माझे मत असे की ओळीत अक्षर गिरवण्याची सक्ती सहाव्या वर्षापर्यंत करूच नये. ज्या मुलाला स्वतःहून खडूने जमिनीवर काही काढावेसे वाटते, त्याला मात्र अडवू नये.

याचा अर्थ हाताला काम द्यायचे नाही असा मुळीच नाही. सध्या गावात घरोघरी कापूस आहे. मूठभर कापूस घेऊन त्यातली सरकी चिमटीने वेगळी करणे, हा पेन्सिलच्या पकडीचा इतका चांगला सराव आहे की विकतच्या साहित्यात मला त्याच्या तोडीचे काही आढळले नाही, कारण सरकी तंतूंना घट्ट धरून असते आणि बोटांना नेमका जोर लावावा लागतो. तुरीच्या ओल्या शेंगा आल्या की सोले काढायला बसवा. शेंगेची शीर अंगठ्याने दाबून उघडायची, दाणे वाटीत टाकायचे, मग किडके वेगळे आणि चांगले वेगळे करायचे आणि शेवटी पाच-पाचच्या ढिगाऱ्या मांडायच्या. यात पकड आली, निवड आली, मोजणीही आली. मात्र एक सूचना गांभीर्याने घ्यावी : तीन वर्षांखालच्या भावंडांना या कामाजवळ बसू देऊ नये आणि मोठ्यांवरही सतत लक्ष ठेवावे. मुले दाणा नाकात घालतात, तो ओलाव्याने फुगतो आणि मग थेट दवाखाना गाठावा लागतो. माझ्या नोकरीत असे दोनदा घडले आहे.

परिसरातले साहित्य घेऊन शिकवणे हे काही कमीपणाचे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केले, तेव्हा वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे पाहून बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हे नाव त्यातूनच रुजले. एकात्मिक बालविकास योजना त्यानंतर तीस वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी आली. आज गावाला अंगणवाडी म्हटले की फक्त आहार आणि वजनकाटा आठवतो, याची मला खंत वाटते.

उत्तर : एक पालक, दारव्हा तालुका

बाईंचे म्हणणे पटते, पण आमची बाजूही मांडतो. माझा मुलगा कॉन्व्हेंटमध्ये जातो. आमच्या गावची अंगणवाडी आठवड्यातून दोन-तीन दिवस तरी सेविकेच्या बैठकांमुळे आणि सर्वेक्षणाच्या कामांमुळे अकरा वाजताच सुटायची, आणि वेचणीच्या दिवसांत आम्ही दोघेही शेतात असतो. व्हॅन मात्र दोन वाजता दारात आणून सोडते. दुसरी गोष्ट अशी की माझी आई एक अक्षरही शिकलेली नाही. नातू खेळातून काय शिकला हे तिला कसे कळणार? भरलेले पान मात्र तिला दिसते. वही हा आम्हाला कळणारा एकमेव पुरावा आहे. दुसरा पुरावा दिलात तर आम्ही तोही पाहू.

उत्तर : पहिलीचे शिक्षक, जिल्हा परिषद शाळा, अकोला जिल्हा

पालकांचा वेळेचा मुद्दा खरा आहे आणि त्याचे उत्तर सेविकेच्या हातात नाही. लिखाणाबद्दल मात्र माझा अनुभव सांगतो. दरवर्षी पहिलीत माझ्याकडे दोन्हीकडची मुले येतात. वही भरून आलेली मुले 'ए' ते 'झेड' न चुकता लिहितात. पण 'बी' कुठे आहे असे मध्येच विचारले की बरीच जण पहिल्यापासून म्हणत येतात. अनेकांची पकड मुठीचीच पक्की झालेली असते आणि ती मोडायला मला दिवाळी उजाडते. याउलट ज्या मुलांनी भरपूर गोष्टी ऐकल्या, गाणी म्हटली, बैल, पऱ्हाटी, पाऊस यांवर चार वाक्ये न अडखळता सांगितली, ती मुले अक्षर-ओळख उशिरा सुरू करूनही वाचनात लवकर पुढे जातात, कारण वाचलेला शब्द त्यांच्या ओळखीचा असतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नेही तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. तेव्हा पहिली आणि दुसरीतही खेळाला जागा आहे, लिखाण उरकण्याची घाई अंगणवाडीने करण्याचे कारण नाही.

एक विनंती आहे. मुले घरची बोली बोलली तर त्यांना टोकू नका. 'तो जाते' म्हणणारे मूल चुकत नसते, ते वऱ्हाडी बोलत असते. प्रमाण मराठी आम्ही पहिलीत सावकाश शिकवू.

उत्तर : निवृत्त पर्यवेक्षिका, वर्धा

दारव्ह्याच्या दादांनी आईचा उल्लेख केला, त्यावरून सुचले. ताई, पालक सभेत सांगत बसण्यापेक्षा आज्यांनाच अंगणवाडीत बोलवा. सोले काढणे त्यांना आपल्यापेक्षा चांगले कळते. नातवाची बोटे कशी चालतात, किडका दाणा तो ओळखतो की नाही, हे पारखायला त्यांना अक्षर येण्याची गरज नाही. आणि प्रत्येक मुलाने सांगितलेली एक गोष्ट त्याच्याच शब्दांत तुम्ही कागदावर उतरवून त्याने काढलेल्या चित्राखाली चिकटवा, म्हणजे घरी न्यायला पानही मिळेल.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. वह्या कपाटात ठेवल्या आहेत. काल पाच आज्या आल्या होत्या. ती मुलगी तिच्या आजीशेजारी बसली आणि तिने वाटीभर सोले काढले. आजीने वाटीतून एक दाणा उचलून सर्वांना दाखवला, त्याला कीड होती, तेव्हा मुलगी म्हणाली, "तो तुह्या शेंगेतला व्हय, माह्या नाही." वेळेच्या प्रश्नाबद्दल मी पुढच्या ग्रामसभेत बोलणार आहे, कारण दारव्ह्याच्या दादांचे ते म्हणणे माझ्या गावालाही लागू आहे.