मदत हवी आहे: गुरं बंद केली, तरी कुंपणाच्या आत गवताऐवजी टाकळाच का माजला?

उतारावरचा
गोरेगाव पूर्वेला एका संस्थेच्या मागे साधारण ४ एकरांचा उतार आहे. माती मुरमाड, खोली जेमतेम १५-२० सेंमी, खाली कातळ. पावसाळ्यात जवळच्या तबेल्यातल्या ११ म्हशी रोज ३-४ तास चरतात, शिवाय वीसेक शेळ्या. गेल्या वर्षी मे अखेरीस १० × १० मीटरचे दोन चौकोन तारेने बंद केले. आता ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात आत-बाहेर ५-५ ठिकाणी १ मीटरची चौकट टाकून पाहिलं. सरासरी अशी:

आत: टाकळा ४० टक्के, कुसळी २०, रानतुळस १५, हरळी ५, मारवेल गवताचे दोन-तीन ठोंब.
बाहेर: हरळी ४५, टाकळा १२, कुसळी १०, उघडी माती २५.
कापलेल्या हिरव्या पाल्याचं वजन: आत ६१० ग्रॅम, बाहेर १४०.

बाहेर छान हिरवं आणि आत जंगल, त्यामुळे "कुंपण काढून टाका" असा आग्रह सुरू झालाय. काढू का? मारवेल, पवना ही चाऱ्याची चांगली गवतं परत येतील का? आणि या उतारावर किती जनावरं चालतील?

बांधकरी
आधी तीन गोष्टी सांगा. किती उंचीवर कापलंत? बाहेरच्या चौकटी तारेपासून किती लांब होत्या? गवत आणि टाकळा वेगळे तोललेत का?

उतारावरचा
मातीलगत कापलं. बाहेरच्या चौकटी तारेपासून अर्ध्या मीटरवर. वेगळं तोललं नाही.

बांधकरी
मग ते १४० आणि ६१० तूर्त बाजूला ठेवा. जनावरं तारेच्या कडेकडेने चालतात, त्यामुळे तिथली माती सगळ्यात जास्त तुडवलेली असते. दोन्ही बाजूंना किमान ३ मीटर सोडून चौकट टाका, उतार आणि मातीची खोली सारखी असेल तिथेच. कापणी ५ सेंमीवर. गवत, टाकळा, इतर असे तीन ढीग करा आणि वाळवून तोला (६०-६५ अंशांच्या ओव्हनमध्ये ४८ तास, ओव्हन नसेल तर वजन सलग दोनदा सारखं येईपर्यंत कडक ऊन). ऑगस्टच्या टाकळ्यात पाणीच पाणी असतं. ओल्या वजनावर तो नेहमी जिंकतो.

मोठी चूक वेगळीच आहे. बाहेरचे १४० ग्रॅम म्हणजे खाऊन उरलेलं गवत, उगवलेलं नव्हे. उगवलेलं मोजायचं तर १ × १ मीटरचे जाळीचे ४-५ पिंजरे चरणाऱ्या भागात ठेवा. ठेवताना शेजारची तशीच चौकट कापून तोला, ४ आठवड्यांनी पिंजऱ्यातलं कापून तोला, मग पिंजरा नव्या जागी. दर खेपेचा फरक जून ते ऑक्टोबर मिळवत गेलात की खरं उत्पादन कळतं.

गवत्या
आता "का" बद्दल. गवताचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो आणि पान बुडापासून वाढतं. त्यामुळे शेंडा खाल्ला तरी पान पुन्हा लांबतं. हे जूनपासून ऑगस्टपर्यंत. सप्टेंबरात मारवेल-पवना फुलोऱ्यावर यायला लागले की दांडा उंचावतो, कोंबही वर जातो आणि तोंडात सापडतो. मग बुंध्यातल्या डोळ्यातून नवा फुटवा काढावा लागतो. तो मुळांतल्या साठ्यावर निघतो, आणि त्या वर्षीचं बी तर गेलंच.

हरळीचं तसं नाही. तिची खोडं आडवी धावतात, निम्मी पानं जिभेच्या आवाक्याखाली राहतात. म्हशी-गाई जिभेने गवत ओढून तोडतात, त्यांना फार खाली जाता येत नाही. शेळी मात्र बुडाशी कुरतडते. कुसळी कोवळेपणी खाल्ली जाते, पण कुसळ धरली की कोणी तोंड लावत नाही. त्यामुळे बी पाडायची सवड तिला मिळते, आणि कुसळ ओलावा-सुकण्याने पीळ घेत बी मातीत रुतवते. टाकळ्याचा कोंब वर शेंड्यालाच असतो, पण हिरवा टाकळा गुरं सहसा खात नाहीत, म्हणून त्याचं काही बिघडत नाही. (जूनमधली कोवळी पानं आपणच बाजारातून जुडीने आणतो.)

जगभरच्या नोंदी एकत्र करून अर्जेंटिनाच्या परिसंस्था-अभ्यासक सांद्रा दियाझ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये जे मांडलं ते साधारण असंच आहे: चराईत बहुवर्षायूंपेक्षा एकवर्षायू, उंचांपेक्षा बुटक्या, उभ्यांपेक्षा आडव्या, ठोंबवाल्यांपेक्षा जमिनीवर पसरणाऱ्या वनस्पती पुढे जातात. दाबडघाव आणि शंकरनारायण या गवत-अभ्यासकांनी १९७३ मध्ये भारतातल्या गवताळ आवरणाचे पाच प्रकार सांगितले. त्यात द्वीपकल्पाचा मोठा भाग पवना-मारवेल प्रकारात येतो. तुमच्याकडे मारवेलचे दोन-तीन ठोंब उरलेत, म्हणजे घसरण बरीच खाली गेली आहे. बाहेरचा तो "छान हिरवा" गालिचा त्या घसरणीचाच भाग आहे.

मग आत काय झालं? तार घातल्याने चरणारं तोंड गेलं, पण मातीतलं बी तेच राहिलं. टाकळ्याचं बी टणक, वर्षानुवर्षं टिकतं. मारवेल-पवन्याचं तितकं टिकत नाही, आणि बी पाडणारे ठोंबच नाहीत. तुडवणं थांबलं तेव्हा सगळ्यात आधी टाकळा उंच झाला. हरळीला सावली अजिबात सोसत नाही, ती ४५ वरून ५ वर आली. पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात कुंपण फक्त उंची आणि वजन बदलतं. जाती बदलायला ३ ते ५ पावसाळे धरा. म्हणून तार काढू नका, तुलनेला दुसरं काहीच नाही तुमच्याकडे.

हिरवाई
टाकळा शेंगवर्गीय आहे, नत्र देईल. राहू द्या की. आणि चराई कायमची बंद हाच खरा उपाय.

गवत्या
शेंग येते म्हणून प्रत्येकाच्या मुळावर गाठी येत नाहीत. टाकळ्याच्या येत नाहीत, उपटून बघा. नत्र हवं तर स्टायलो हा शेंगवर्गीय चारा टाका. बी ८० अंशांच्या पाण्यात ४-५ मिनिटं बुडवून गार करायचं, नाहीतर टणक सालीमुळे निम्मं उगवतच नाही.

कायमच्या बंदीबद्दल: राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८२ ला म्हशींची चराई बंद झाली, आणि त्यांनी खाऊन आटोक्यात ठेवलेल्या पाणगवताने तळी भरून टाकली. मुंबईच्याच बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) तिथे वर्षानुवर्षं अभ्यास केलाय. आपला उतार म्हणजे पाणथळ नव्हे, पण दोन हजार मिमीच्या वर पाऊस पडतो तिथे गवत आपोआप गवत राहत नाही. कापणी, चराई, वणवा यांतलं काहीच नसेल तर आधी घाणेरी-रानमोडीची झुडपं, मग झाडं. आणि न कापलेलं वाळकं गवत मार्चमध्ये एका काडीची वाट बघत उभं असतं. दोन चौकोनांपैकी एक तसाच ठेवा, दुसऱ्यात खालचं काम करा. तिसरी तुलना फुकटात मिळेल.

दुसऱ्या चौकोनात: टाकळा पिवळ्या फुलावर आला की, शेंगा भरायच्या आत, पाऊस उघडलेल्या दिवशी मुळासकट उपटा. आज वरवर छाटलात तर खालून चार फांद्या फुटतील. रानतुळसही फुलायच्या आधी. उपटलेलं तिथेच आच्छादन म्हणून पसरा, पण शेंगा धरल्या असतील तर बाहेर न्या. कुसळीला कुसळ यायच्या आत सप्टेंबरात ८-१० सेंमीवर विळा लावा. मारवेलला हात लावू नका, बी पडू द्या. पानांच्या तळाशी गाठीवर पांढऱ्या केसांचं कडं दिसलं की ते मारवेल.

बांधकरी
जनावरांचा हिशेब. तुमच्या पिंजऱ्यांची बेरीज अजून नाही, म्हणून नमुन्यादाखल धरू की खाण्याजोगं वाळकं गवत चौरस मीटरला १५० ग्रॅम आलं. ४ एकर म्हणजे १.६ हेक्टर, एकूण २४०० किलो. निम्मंच खाऊ द्यायचं, म्हणजे १२०० किलो.

निम्मंच का, तर क्रायडर या अमेरिकी संशोधकाने १९५५ मध्ये दाखवलेलं: ५० टक्के पाला काढला तर मुळांची वाढ जेमतेम अडते, ६० टक्क्यांना निम्म्या मुळांची थांबते, ८० टक्क्यांना सगळ्यांची. त्याची गवतं वेगळी होती, आकडे घोटून पाठ करू नका, पण पन्नाशीनंतरचा कडा खरा आहे. १५ सेंमी मातीत मुळं थांबली तर ऑक्टोबरच्या उन्हात ठोंब मरतो.

म्हैस ३-४ तासांत साधारण ४ किलो वाळक्या वजनाइतकं चरेल असं धरा, बाकी तबेल्यात. ११ म्हशी ४४ किलो. शेळी दिवसाला किलोभर खाते, त्यातलं निम्मं झुडपांचं. २० शेळ्यांचे १० किलो. रोज ५४. बाराशे भागिले चोपन्न, २२ दिवस. तुम्ही १२० दिवस चारताय.

बंद करा म्हणत नाही. उताराचे ३ भाग पाडा. पाऊस सुरू झाल्यावर गवत १५ सेंमी होईपर्यंत, म्हणजे पहिले ४-६ आठवडे, तिन्ही बंद. मग एकात चराई, ६-८ सेंमी उरलं की पुढच्यात. परतीला किमान ३० दिवस. दर वर्षी एक भाग सप्टेंबर-ऑक्टोबरात पूर्ण मोकळा, बी पडायला. तारेची गरज नाही, गुराखी आणि काटेरी फांद्या पुरतात. तबेलेवाल्यांना जूनमध्ये थांबवणं अवघड जाईल, कारण तेव्हाच विकतचा चारा महाग. तेवढ्या आठवड्यांसाठी पेंढा आधीच भरून ठेवायला सांगा.

शेणाभोवती गडद हिरवे, न खाल्लेले पुंजके दिसतील. चौकट तिथे पडली तर आकडा फुगतो. टाळू नका, पण वहीत खूण करा.

उतारावरचा
भारी. एकच: मारवेलचे ठोंब आता ऑगस्ट अखेरीस लावले तर चालेल?

गवत्या
एवढ्या उथळ मातीत नको, मुळं रुजायच्या आत पाऊस जाईल. आता उरलेल्या ठोंबांतला एक सोडवून, प्रत्येक तुकड्याला २-३ फुटवे आणि मुळं ठेवून, पिशव्यांत लावा आणि उन्हाळाभर पाणी द्या. जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या पावसानंतर ५० × ५० सेंमीवर लागवड. गुंठ्याला साधारण ४०० लागतील. चौकोन एका गुंठ्याचाच आहे तुमचा. पहिल्या वर्षी तिथे एकही तोंड नको, फक्त ऑक्टोबरात बी गळल्यावर एक कापणी.

उतारावरचा
पिंजरे रविवारी ठेवतो. वाळक्या वजनाचे आकडे सप्टेंबर अखेरीस इथेच टाकतो.