लवादाचे कलम लिहितो कोण?
वकिलाच्या फीवरून वाद झाला तर अशिलाला ग्राहक आयोगाचे दार बंद झाले आहे; म्हणून फीच्या करारातच लवादाचे कलम (वाद न्यायालयाऐवजी त्रयस्थाकडून सोडवण्याची अट) घालावे, अशी एक सूचना आहे. ती योग्य असली तरी अपुरी आहे. १४ मे २०२४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने वकिली सेवा ग्राहक संरक्षण कायद्याबाहेर ठेवली. वकिलांची नियामक संस्था असलेल्या बार कौन्सिलकडे तक्रार केली, तर ताकीद मिळते, निलंबन होते किंवा फार तर वकिलीची सनद जाते, पण जादा घेतलेली फी परत मिळवून देण्याचा तो मार्ग नव्हे. मात्र आपल्याकडे अशील सही करतो ती वकीलपत्रावर (तीही बहुधा न वाचता), त्यामुळे १९९६ च्या लवाद कायद्याला लागणारा लेखी लवाद-करार मुळात नसतोच. असला तरी मसुदा वकिलाचा; त्यात लवाद (निवाडा देणारी व्यक्ती) नेमण्याचा हक्कही त्याने स्वतःकडेच ठेवला, तर वादात हितसंबंध असलेल्याने एकट्याने लवाद नेमू नये, या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालानंतर ती नेमणूक टिकणे कठीण.

कॅलिफोर्नियातली व्यवस्था मला अधिक न्याय्य वाटते. तिथे फीच्या वादात अशिलाने वेळेत मागणी केली की वकिलाला लवादापुढे यावेच लागते, अशिलावर मात्र कायद्याने तशी सक्ती नाही. आणि निवाडा बंधनकारक राहील असे दोघांनी लेखी मान्य केलेले नसेल, तर ३० दिवसांत न्यायालयात नव्याने सुनावणी मागता येते. वकिलाच्या निष्काळजीपणाची भरपाई मात्र या लवादात मिळत नाही.