फेरिटिन ११८०, सॅच्युरेशन १६ आणि बाबांचं आयर्न बंद. डॉक्टरांना नेमकं काय विचारू?

बाबा, वय ६३, तीन वर्षं डायलिसिसवर आहेत, आठवड्यातून दोनदा. मागच्या वर्षी हिपॅटायटिस सी निघाला, तेव्हापासून त्यांचं मशीन वेगळं, कोपऱ्यातलं. लिव्हरच्या या व्हायरसवरच्या गोळ्या अजून सुरू व्हायच्यात.

चार महिन्यांत हिमोग्लोबिन १०.४ वरून ८.१ वर आलंय. एरिथ्रोपोएटिनची (तांबड्या पेशी वाढवणाऱ्या हार्मोनची) आठवड्याला दोन इंजेक्शनं चालू आहेत, मीच बर्फाच्या थर्मासमधून नेते. परवाच्या रिपोर्टात फेरिटिन ११८०, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन १६ टक्के. सेंटरवाले म्हणाले, "लोह भरपूर आहे, आयर्न बंद." इथेच घोडं पेंड खातंय. भरपूर आहे तर एक मजला चढताना बाबा दोनदा कठड्याला का टेकतात?

वाचून कळलं ते असं. फेरिटिन नुसता साठा दाखवत नाही, लिव्हरला सूज असली तरी ते वाढतं. वापरायला लोह किती मिळतंय ते सॅच्युरेशनवर कळतं, आणि २० च्या खाली म्हणजे कमीच. वर हेप्सिडिन नावाचं हार्मोन, तेही लिव्हरच बनवतं. ते वाढलं की साठ्यातलं लोह बाहेर पडत नाही. किडनी गेली की हेप्सिडिन साचतं, सूज असली की वाढतं. सी व्हायरस मात्र ते दाबतो. मग बाबांच्यात कुणाचं पारडं जड?

आयर्न परत सुरू करा म्हणून मागे लागू, की लिव्हरमध्ये लोह साचेल म्हणून गप्प बसू? शिवाय पोटाचे डॉक्टर व्हायरससाठी रिबाविरिन या औषधाचं नाव काढत होते. त्याने तांबड्या पेशी फुटतात ना?

(आत्या रोज खजूर आणि बीट घेऊन येते. पोटॅशियम ५.८ आहे हे तिला कोण सांगणार!)

उत्तर १
माझी आई याच फेऱ्यातून गेली. किडनीच्या आणि पोटाच्या डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा, हे पहिलं. रिबाविरिनशिवायचा कोर्स चालेल का, ते स्पष्ट विचारा. लिव्हर फार बिघडलेलं नसेल तर सोफोस्बुविर-वेल्पाटास्विर हे व्हायरसवरचं औषध १२ आठवडे एकटंच देतात. सीआरपी (शरीरातली सूज दाखवतं), बी१२, पॅराथायरॉइड हार्मोन आणि शौचातलं रक्त तपासलंय का? आयर्न दिल्यावर लगेच रक्त घेतलं असेल तर आकडे फसवे येतात. आणि मशीन बंद झाल्यावर डायलायझर (रक्त गाळणारी नळी) लालच राहतो का, ते बघा. आईचं रक्त दर वेळी तिथेच अडकून जायचं.

धागाकर्ती
आज बघितलं. निम्मा लाल होता. फोटो काढून ठेवलाय, गुरुवारी राउंडला दाखवते.