मदत हवी आहे: उझबेकिस्तानच्या बर्फात आई-बाबांना घेऊन राहायचं का?

२६ जानेवारीला जोडून रजा टाकून बर्फ बघायला जायचं म्हणतोय. आम्ही दोघं, आठवीतला लेक आणि आई-बाबा, म्हणजे माझे सासू-सासरे, दोघंही सत्तरीपुढचे. राहतो इंदूरला. गुलमर्ग की मनाली यावर घरात रणकंदन चालू असताना नवऱ्याने मध्येच उझबेकिस्तान काढलं. मला वाटलं, चेष्टा करतोय. समरकंदचे निळे घुमट ठाऊक होते, पण आल्प्सछाप लाकडी शॅले (डोंगरातली घरं) आणि गोंडोला (रोपवेचे बंद डबे), तेही तिथे?

आहेत खरे. ताश्कंदपासून साधारण ६५ किलोमीटरवर चिमगानच्या डोंगरांत अमीरसॉय नावाचं रिसॉर्ट डिसेंबर २०१९मध्ये सुरू झालंय. चिमगानला सोव्हिएत काळापासून लोक स्कीइंगला जातात, पण हे प्रकरण नवं आणि थाटाचं: रोपवे डॉपलमायर या ऑस्ट्रियन कंपनीचे, राहायला शॅले. दिल्लीहून ताश्कंद थेट विमानाने तीनेक तास. ई-व्हिसा मिळतो, एका प्रवेशाचा, ३० दिवसांचा, २० डॉलरला. युरोपच्या शेंगेन व्हिसाच्या कागदपत्रांचा ढीग आठवला की हे फारच सोपं वाटतं.

बाबा नाव ऐकताच तयार झाले, पण बर्फासाठी नव्हे. ११ जानेवारी १९६६ला शास्त्रीजींचं ताश्कंदला निधन झालं तेव्हा बाबा शाळेत होते. तिथे शास्त्रीजींच्या नावाचा रस्ता आणि पुतळा आहे, तो त्यांना बघायचाच आहे. म्हणजे ताश्कंदचा मुक्काम आलाच, आणि इथेच माझं घोडं अडलंय.

डोंगरावर शॅलेत राहावं, की ताश्कंदला हॉटेल घेऊन एक दिवस टॅक्सीने वर जाऊन यावं? स्कीइंग फक्त लेक करणार (म्हणजे पडणार). बाकीचे आम्ही फोटो काढून चहा पिणारे. एवढ्यासाठी शॅलेचं भाडं भरणं माझ्या जिवावर आलंय. नवऱ्याचं म्हणणं, बर्फ खिडकीतून दिसला पाहिजे, आईंना त्यासाठी बाहेर पडायला लागू नये. त्यांचे गुडघे बघता ते पटतंही.

बाबांना स्टेंट आहे. पण गोंडोलाचं वरचं टोक साधारण २,३०० मीटरवर आहे आणि गुलमर्गचा गोंडोला सुरूच २,६००च्या वर होतो, म्हणून उंचीची धास्ती कमी झाली. डॉक्टरांना विचारणार आहेच.

खरी काळजी जेवणाची. आई अंडंसुद्धा खात नाहीत. शॅलेत स्वयंपाकाची सोय असते का? आणि त्यांची झोपेची गोळी रोजची आहे. उझबेक कस्टम औषधांबाबत कडक आहे असं वाचलं. कुणी वयस्कर माणसांना घेऊन गेलंय का? जमेल तितकं सविस्तर सांगा.

बडोद्याची_सून:
ताई, आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो होतो. माझं मत स्पष्ट आहे: वर राहाच, पण शनिवार-रविवार सोडून. सुट्टीला अख्खं ताश्कंद वर लोटतं. दिवसाच्या फेरीत धोका हवामानाचा. धुकं उतरलं की वर जाऊन पांढऱ्या भिंतीकडे बघत बसायचं. मुक्काम असला की सकाळी उठून आकाश बघायचं आणि मग गोंडोलाचं तिकीट काढायचं. स्की न करणाऱ्यांनाही गोंडोलाने वर जाता येतं, त्यामुळे आईंना चढायचं काही नाही. पाच जणांना एक शॅले वाटून पडतं, हॉटेलच्या दोन खोल्यांचा हिशेब शेजारी मांडून बघा.

जेवणाचं मात्र घरूनच नीट ठरवून निघा. पलावात मांस नको म्हटलं तर तुकडे बाजूला काढून वाढतात, भात शिजलेला असतो त्याच चरबीत. भोपळ्याचा सामसा (तिथला समोसा) मिळतो, पण त्यातही मेंढीची चरबी असू शकते, विचारल्याशिवाय आईंना देऊ नका. निर्धास्त खावं ते तंदूरचं नान, दही, टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर, अक्रोड, बेदाणे. सासूबाईंनी नान आणि गूळ यांवर आनंदात दिवस काढले. स्वयंपाकाचं शॅलेप्रमाणे बदलतं, बुकिंगआधी लेखी विचारा.

जिरावण_जिंदाबाद:
भिया, इंदूरचे असून जेवणाची चिंता? पातळ पोहे, केटलचं गरम पाणी, वरून सेव आणि जिरावण मसाला. झाला नाश्ता.

गोळी_दोनदा:
औषधाचं हसण्यावारी नेऊ नका. ट्रामाडॉल (वेदनाशामक), कोडीन असलेली खोकल्याची औषधं आणि झोपेच्या किंवा चिंतेवरच्या गोळ्या यांच्याबाबत तिथे खरंच कडक आहेत. डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घ्या, त्यात ब्रँडचं नव्हे, मूळ औषधाचं नाव हवं. रशियन भाषांतर सोबत असलं तर उत्तम. गोळ्या मूळ पाकिटातच, प्रवासापुरत्याच न्या आणि उतरल्यावर कस्टमला स्वतःहून सांगा. आठवड्याच्या डबीत भरून नेऊ नका. गुडघेदुखीवर आईंना ट्रामाडॉल दिलेलं नाही ना, तेही बघा, आपल्याकडे ते सर्रास लिहून देतात.

लेकाकडे ड्रोन असेल तर घरीच ठेवा, परवानगीशिवाय चालत नाही. आणि परदेशी पाहुण्यांची नोंदणी हॉटेलवाले करतात, प्रत्येक मुक्कामाची पावती परतीपर्यंत जपा.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. आईंच्या चिठ्ठ्या आत्ताच काढून बघितल्या. गुडघ्याच्या गोळ्यांत ट्रामाडॉल निघालं! डॉक्टरांची वेळ घेतली आहे, जाण्याआधी ते बदलून घेते.

दोन रात्री वर राहायचं ठरतंय, मंगळवार-बुधवार. बडोद्याची_सून, एकच अजून: सासूबाईंना बर्फात घालायला बूट इथून नेले होते की तिथे भाड्याने मिळाले? आईंचे पाय सुजतात, त्यांना कडक स्की-बूट चालायचे नाहीत.