सल्ला हवा: छोट्या चेटकिणींचं ग्राफिक नॉव्हेल (वय ११, बजेट ६०० रु.)

रानजाई: भाचीच्या वाढदिवसासाठी हवंय. जादू, चेटकिणी तिला भारी आवडतात. इंग्रजी नीट वाचते, पण नुसत्या मजकुराचं जाड पुस्तक हातात धरत नाही. गोष्ट एकाच पुस्तकात संपायला हवी.

अभय_के: डोळे मिटून 'विच हॅट अटेलिए'. कामोमे शिराहामा यांची जपानी मालिका, २०१६ साली सुरू झालेली. नायिका कोको. यातली जादू शाईने कागदावर काढावी लागते: मधे चिन्ह, भोवती खुणा, आणि बाहेरचं वर्तुळ जुळलं की जादू सुरू! आमची लेक वहीच्या मागच्या पानांवर सारखी तीच वर्तुळं काढत असते. मी निघतील तसे सगळे भाग घेतलेत, कपाटाचा कप्पा भरलाय. तुम्हीही सेटच घ्या.

मीनल७: ६०० रुपयांत सेट कुठून येणार? 'द विच बॉय' घ्या. मॉली नॉक्स ऑस्टरटॅग, २०१७. अ‍ॅस्टरच्या घराण्यात मुली चेटूक शिकतात, मुलगे प्राण्यांची रूपं घेतात. याला मात्र चेटूकच शिकायचंय. पुढे दोन भाग आहेत, पण पहिला एकटा वाचला तरी चालतो. आमच्याकडे मुलगा आणि पुतणी दोघांत ओढाओढ चालते.

नाना_सातारा: एवढ्याशा पोरीला चेटूक कशाला? चेटकीण ठरवून बायकांना छळतात अजून. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली आपल्याच राज्यात करावा लागला. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे द्या.

मीनल७: नाना, 'अलबत्या गलबत्या'तली चिंची चेटकीण बघत किती पोरं मोठी झाली! गोष्टीतली जादू आणि बुवाबाजी पोरांना वेगळी कळते.

कोकणकडा: विच हॅटला +१. फक्त फुटपाथवरची स्वस्त प्रत घेऊ नका. मला मिळालेल्या प्रतीत बारीक रेषांचा नुसता काळा गोळा झाला होता, चिन्हं दिसेनात. आणि ते उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं, भाचीला आधी सांगा.

सई_ट: एका पुस्तकात संपणारं हवं तर 'स्नॅपड्रॅगन' आहे, कॅट ले यांचं, २०२०. त्यात गाव जिला चेटकीण म्हणतं ती म्हातारी रस्त्यावर गाडीखाली आलेली जनावरं उचलते, सांगाडे जोडून विकते. लेकीने आवडीने वाचलं, मला ती पानं बघवली नाहीत. वाढदिवसाला नको.

अभय_के: सईताईंना अनुमोदन, वाढदिवसाला सांगाडे नकोत. विच हॅटला २०२० साली कॉमिक्ससाठीचा आयझनर पुरस्कार मिळालाय. सेटच घ्या.

मीनल७: अहो, ६००!

रानजाई: सगळ्यांचे आभार. दुकानात तिन्ही चाळली आणि 'स्नॅपड्रॅगन' घेतलं. बजेटच्या थोडं वर गेलं, चालेल. भाचीला जनावरांची डॉक्टर व्हायचंय, सध्या गॅलरीत पंख दुखावलेला पारवा सांभाळतेय. सांगाड्यांची पानंच ती आधी उघडेल. नाना, यातली स्नॅप गावाच्या बोलण्याला न भुलता त्या म्हातारीशी मैत्री करते. तुमचा मुद्दाच आहे तो.

नाना_सातारा: असं असेल तर तिचं वाचून झालं की मलाही पाठवा. फास्टर फेणे मी माझ्याकडून धाडतो, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.