‘सगळं एकाच कारखान्यातून येतं’ म्हणे!

घाटउतार: ‘कार्बन फायबरचे हँडलबार, फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), सीटपोस्ट (सीटखालची नळी) सगळे चीनमधल्या शियामेनच्या त्याच कारखान्यातून येतात, ब्रँडवाले फक्त स्टिकर चिकटवून चौपट घेतात.’ हा फॉरवर्ड कालपासून सायकल ग्रुपांवर फिरतोय आणि खाली नुसती अंगठ्यांची रांग. म्हणून हा धागा.

कारखाना एक असला म्हणून माल एक होत नाही. साचा तोच, पण आत कापडाचे थर किती, कुठल्या कोनात, रेझिन कोणतं, साच्यातून निघालेले किती तुकडे बाद करायचे, हे पैसे मोजणारा ठरवतो. जाहिरातीत ‘टी-८००’ (टोरे या जपानी कंपनीच्या कार्बन धाग्याची एक प्रत) लिहिलं की लोक खूश. अहो, तुटायला सुरुवात बहुतेकदा आत राहिलेल्या पोकळीपासून किंवा सुरकुतलेल्या थरापासून होते. टोरेचा धागा कितीही भारी असू द्या, ती सुरकुत वरच्या चकचकीत पारदर्शक लेपाखाली दिसत नाही. विक्रेत्याकडे त्याच मॉडेलचा आयएसओ ४२१० (सायकलच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक) चाचणीचा अहवाल मागून बघा. बहुतेक वेळा उत्तरात एक स्मायली येतो.

बिननावी_बाळू: म्हणजे ब्रँड काय गंगाजलात धुतलेले असतात? मार्च २०२१, बेल्जियममधली ले सामिनची शर्यत, डच सायकलपटू मॅथ्यू व्हॅन डर पूलचा हँडलबार चालत्या सायकलवर मोडला. सायकल बनवणाऱ्या कॅन्यनला त्या एरोड मॉडेलच्या गिऱ्हाइकांना ‘चालवू नका’ सांगावं लागलं. त्याच वर्षी स्पेशलाइज्ड कंपनीने स्टीअररच्या (फोर्कची वर जाणारी नळी) भानगडीत टार्मॅक एसएल-७ सायकल परत बोलावली. २०२३ मध्ये शिमानोचे चिकटवलेले क्रँक (पॅडलचे दांडे) परत बोलावले, अमेरिका-कॅनडा मिळून साडेसात लाखांवर. ही चौपट पैशांची गुणवत्ता!

घाटउतार: तुम्ही माझंच काम केलंत, आभार. परत बोलावता आले कारण प्रत्येक तुकड्यावर नंबर होता आणि मागे उभी राहणारी कंपनी होती. तुमचा बिननावी फोर्क सदोष निघाला तर कोण कळवणार? दुकानाचं नाव पुढच्या महिन्यात बदललेलं असतं.

बिननावी_बाळू: इथे ब्रँडची वॉरंटी मिळते हे कोणी सांगितलं? वितरक आधी फोटो मागतात, मग बिल, मग ‘क्रॅश डॅमेज’ म्हणून हात वर. नोव्हेंबर २०२० मध्ये अलीएक्स्प्रेसवर बंदी आल्यापासून तोच बिननावी माल इथले मधले लोक दुप्पट भावात विकतात. लुटायला सगळेच बसलेत, मग कमी लुटणारा बरा.

स्पोकमास्तर: दोघंही तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी करताय. नामांकित ब्रँडचं खोटं स्टिकर लावलेला माल म्हणजे सरळ फसवणूक, त्यावर चर्चाच नको. बिननावी म्हणजे कोणाचाच पत्ता नाही. आणि लाइट बायसिकल, विनस्पेससारखे स्वतःच्या नावाने थेट विकणारे, त्यांना बिननावी म्हणणं अन्याय आहे. असे रिम खुशाल घ्या, फक्त निपल (स्पोक रिमला धरणारे छोटे नट) पितळी मागा. ॲल्युमिनियमचे निपल कार्बनला टेकून दमट हवेत गंजतात, कोकणात तर लवकरच. आणि रिम ब्रेकवर कार्बन क्लिंचर (कडेत टायर अडकवायचा रिम) लावून सिंहगड उतरणार असाल तर स्वस्त रिम नकोच. सतत ब्रेक दाबल्याने रेझिन तापून मऊ पडतं आणि टायरच्या हवेचा दाब रिमची कड बाहेर फाकवतो. डिस्कवाल्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.

पाच_न्यूटन: अवांतर आहे, पण बोलतोच. कार्बनचे कितीतरी भाग बसवतानाच मरतात. ‘५ न्यूटन मीटर’ छापलेलं असतं ती बोल्ट आवळण्याच्या जोराची (टॉर्कची) कमाल मर्यादा आहे, नवस नाही. कार्बन पेस्ट (पकड वाढवणारा खरखरीत लेप) लावून ४ वर सुरुवात करा, घसरलं तरच वाढवा. ग्रीस लावू नका, घसरतं आणि मग माणूस आवळत सुटतो.

बिननावी_बाळू: हाताला अंदाज असतो हो. एवढं काय.

पाच_न्यूटन: हाच तो अंदाज, ज्याने बार चिरडतो! आणि टॉर्क मोजणारा पाना असला तरी कोणता? ५ ते २५ वाल्यावर ५ म्हणजे पट्टीचा तळ, तिथे तो नीट मोजत नाही. २ ते १४ वाला घ्या. एकदा ‘टक’ झालं की थांबा, खात्रीसाठी दुसरी टक काढू नका. काम झालं की पाना सर्वात खालच्या आकड्यावर सोडा. फेसप्लेटचे (स्टेमची हँडलबार धरणारी पुढची पट्टी) चार बोल्ट तिरपे, पाव-पाव फेरा. वरची-खालची फट सारखी हवी, स्टेमवर वेगळं लिहिलं नसेल तर.

स्पोकमास्तर: स्टीअरर राहिला की. कार्बन स्टीअररमध्ये स्टार नट (दातेरी धातूचा नट) ठोकणारे महाभाग अजून आहेत, आतून ओरखडतो तो. एक्स्पांडरच (आत फुगून बसणारा प्लग) हवा, तोही स्टेमच्या बोल्टांच्या पातळीत, म्हणजे आतून आधार मिळतो. स्टेमच्या वर ५ मिमीचा एक स्पेसर (कडं) ठेवा आणि स्टीअरर त्या स्पेसरच्या वरच्या कडेपासून ३ मिमी खाली कापा. टॉप कॅप फक्त बेअरिंगचा ढिलेपणा काढते. फोर्क धरतात ते स्टेमचे बोल्ट.

घाटउतार: धागा कार्बनचा आहे की पान्याचा?

पाच_न्यूटन: पान्याशिवाय तुमचा ब्रँडचा बारही चिरडेल, हे पटत नसेल तर खुशाल चौपट मोजा.

बिननावी_बाळू: बरं बुवा, जिंकलात. फोर्क आणि हँडलबार ब्रँडचा घेतो, दात शाबूत राहिले पाहिजेत. बॉटल केज तरी बिननावी चालेल ना, की तिलाही आयएसओ लागतं?

पाच_न्यूटन: चालेल. बोल्ट हलकेच आवळा. फ्रेममधला रिव्हनट (भोकात ठोकून बसवलेला आट्यांचा नट) एकदा फिरायला लागला की केज निघतही नाही आणि घट्टही बसत नाही.